स्थळपाहणी

पहिलं बाळंतपण माहेरी करण्यात आपलं काही चुकलं, हे जिजाबाईला तब्बल अठरा वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा ती मळ्यात वांगी तोडत होती आणि बांधावर उभी असलेली तिची मुलगी साधना रडकुंडीला आली होती.

"तू मले बऱ्हानपूरले काहून जन्म देला व माय?"

"मंग कोठी देऊ? माह्ये मायबाप तठीच होते."

"बऱ्हानपूर मध्य प्रदेशात हाय!"

"असू दे. तूप चांगलं भेटे तठी."

साधनाला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. परीक्षेत मार्कही तेवढे पडले होते. आता एकच कागद कमी होता. आपण महाराष्ट्राच्याच रहिवासी आहोत असा दाखला, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. तो असला तर राज्याच्या कोट्यातून जागा. नसला तर ती परराज्यातली, आणि त्या रांगेत तिचा नंबर कुठे लागणार हे यादी न बघताही कळत होतं. तिनं अर्ज भरला, शाळेचे दाखले जोडले. पण जन्माच्या दाखल्यावर बऱ्हाणपूर दिसलं आणि तहसीलमधल्या मंजू मॅडमनी तो अर्ज बाजूला काढला.

"मॅडम, पहिलीपासून शाळा अठलीच हाय माही," साधना म्हणाली.

"नाव गावच्या शाळेत अन् पोरगं क्लासेसले भलतीकडं, असे ढीगभर अर्ज येतात माह्याकडं," मंजू मॅडम म्हणाल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. "दहा वर्सं सलग अठीच राह्यली, असा तलाठ्याचा चौकशी अहवाल पायजे. तलाठी घरी येतीन, शेजाऱ्याचा जबाब घेतीन. चार ओळीचं काम हाय."

"कधी येतीन?"

"येतीन."

या 'येतीन'साठी साधनाच्या, म्हणजे राऊतांच्या घरातलं एक तरी माणूस सहा दिवस घराला धरून बसलं. सातव्या दिवशी वाशीमला भेंडीला चांगला भाव असल्याचं कळलं. जिजाबाई आणि तिचा नवरा नथ्थू माल घेऊन वाशीमला गेले, साधना पासपोर्ट फोटो काढायला मंगरूळपीरला गेली, घराला कुलूप लागलं आणि तलाठी आले.

माणिकराव तलाठी तीन आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आले होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, केस काळेभोर केलेले, काखेत बॅग. मंगरूळपीरपासून चार किलोमीटरवरच्या या गल्लीत जेमतेम बारा घरं. माणिकरावांनी स्कूटर लिंबाखाली लावली आणि राऊतांच्या घराकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. दार पाहिलं, छपराची टिनं पाहिली, कुलूप हलवून पाहिलं.

हे सगळं शेजारच्या ओट्यावरून अमीनाबी पाहत होती. राऊतांची आणि तिची भिंत एकच. नवरा सैफुद्दीन याचं मंगरूळपीरला शेगड्या दुरुस्तीचं दुकान. दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला. साधना निम्मी तिच्याच घरात वाढलेली. पोरगी कुठल्याशा कागदासाठी पळते आहे, एवढं अमीनाबीला ठाऊक होतं. त्या कागदासाठी कोणी माणूस घरी यायचा आहे, हे मात्र तिला सांगायचं राहून गेलं होतं. उलट गेल्याच महिन्यात नथ्थूच्या मावसभावानं साधनासाठी दोन मुलं सुचवली होती, नथ्थूला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, आणि साधना अमीनाबीच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर रडली होती. तेव्हापासून अमीनाबी गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक इस्त्रीच्या शर्टावर नजर ठेवून होती.

"नथ्थू राऊतांचं घर हेच ना?" माणिकरावांनी विचारलं.

"काय काम होतं?"

"स्थळपाहणीसाठी आलोय."

अमीनाबीच्या हातातलं सूप थांबलं. आलाच म्हणायचा!

"एकलेच आले?"

"आधी मी एकटाच येतो. गरज पडली तर पंचांना घेऊन पुन्हा येतो. मुलगी घरी नाही वाटतं?"

"कोनती मुलगी?"

"साधना. वय वर्षे अठरा. ती कायम इथंच राहते ना?"

अमीनाबीनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि आवाज उतरवला. "अठी कोठी राह्यते थे! बऱ्हानपूरले राह्यते. मामाकडं."

माणिकरावांनी खिशातून पेन काढलं. जन्मदाखल्यावर बऱ्हाणपूर होतंच. "कधीपासून?"

"तिसरीत असन. तवापासून."

"मग इकडे येणंच नाही?"

"येते न. दिवाळीले चार दिवस. मायसंग भांडते अन् जाते."

पाहुणा नाउमेद व्हायचं सोडून मन लावून लिहून घेत होता. अमीनाबीला काळजी वाटायला लागली. माणूस चिवट दिसतोय, असं मनाशी म्हणून तिनं आणखी रेटलं.

"सभाव लय तापट हाय तिचा. बापाच्या आंगावर पातेलं फेकून मारलं होतं एकडाव."

पेन थबकलं. "हे... नोंदवू?"

"लिवा न. सारं लिवा. आता लपवलं त मंग तुमालेच तरास. अन् सैपाकाचं त विचारूच नका."

"मी विचारलं नव्हतं."

"विचारा लागते, भाऊ. रातची घोरते बी."

"घर स्वतःचं?"

"सोताचं हाय, पन गळते. दोन एकर वावर, निसती वांगी."

"बाई, हे सगळं खरं सांगताय ना? शपथेवर?"

इथे अमीनाबी जरा अडखळली. पोरीसाठी खोटं बोलायची तिची तयारी होती, कसम खाऊन खोटं बोलायची नव्हती. "चाळीस वर्सं झाले मले अठी," ती म्हणाली. "मले नाही मालूम त कोनाले?"

ते माणिकरावांना पटलं. त्यांनी कागद पुढे केला आणि अमीनाबीनं मोठ्या झोकात सही केली. आजकाल मुलाकडचे सह्याही घेतात, याचं तिला थोडं नवल वाटलं. तो निघाला तेव्हा तिला त्याची दया आली. तिनं त्याला पाण्याचा गिलास दिला आणि मायेनं म्हणाली, "साहेब, दुसरीकडं पाहा. मानोऱ्याकडं लय चांगल्या पोरी हायत."

"मानोरा माझ्याकडे येत नाही," माणिकराव म्हणाले आणि स्कूटर घेऊन निघून गेले.

अमीनाबीनं हे कोणालाही सांगितलं नाही. उजव्या हातानं केलेली नेकी डाव्याला कळू नये, असं तिच्या अब्बांनी तिला शिकवलं होतं. संध्याकाळी जिजाबाईनं उरलेली भेंडी आणून दिली, तेव्हा ती घेताना अमीनाबी नुसती गालात हसली. जिजाबाईला वाटलं, भाबीला भेंडी फार आवडली.

दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, साधनाच्या मोबाईलवर संदेश आला. अर्जदार नमूद पत्त्यावर वास्तव्यास नसल्यामुळे अर्ज नामंजूर. नमूद पत्त्याच्या उंबरठ्यावर बसून साधनानं तो तीनदा वाचला. प्रवेशासाठी कागदपत्रं ऑनलाइन चढवायची शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच होती.

नथ्थूनं हातातली मेथीची जुडी टाकली, मोटारसायकल काढली, आणि अर्ध्या तासात बापलेक मंजू मॅडमच्या टेबलासमोर उभे होते.

"राह्यत नाही म्हंजे?" नथ्थू म्हणाला. "मंग रोज सकायी माह्यासंग मेथीच्या जुड्या कोन बांधते?"

"मी नाही म्हनून राह्यली, भाऊ. अहवाल म्हनून राह्यला." मंजू मॅडमनी कागद काढला आणि वाचायला लागल्या. "सदर घरास कुलूप आढळले. शेजारील वयोवृद्ध महिलेच्या जबाबानुसार अर्जदार इयत्ता तिसरीपासून बऱ्हाणपूर येथे मामाकडे राहते. फक्त दिवाळीस चार दिवस येते. आईशी भांडते." मॅडमनी चष्मा सरळ केला. "स्वभाव तापट. एकदा वडिलांना पातेले फेकून मारले."

नथ्थू हळूच मान वळवून साधनाकडे पाहायला लागला.

"बाबा!"

"नाही, मी आठवून राह्यलो निसता."

"स्वयंपाकाविषयी विचारू नये, असे साक्षीदाराचे म्हणणे. रात्री घोरते." मंजू मॅडमनी ओठ दाबून धरले. "शेवटी, दुसरीकडे मुली पाहाव्यात असा सल्ला साक्षीदाराने दिला. जबाबाखाली सही, अमीनाबी सैफुद्दीन."

साधना खुर्चीवर बसलीच. "मॅडम, या कामाले काय म्हनतात? तलाठी घरी येऊन पाह्यतात थे?"

"स्थळपाहणी."

"अरे देवा," साधना म्हणाली.

घरी जिजाबाईनं सगळं ऐकलं आणि ती पदर खोचून सरळ शेजारच्या ओट्यावर गेली. मागून नथ्थू, मागून साधना. अमीनाबी शेवया मोडत बसली होती. तिघांना एकदम पाहून तिचा चेहरा फुलला.

"कळलं वाटते तुमाले! मी सांगनार नवती. पन पाहा, कसा पयवला! पुन्हा या गल्लीत पाय ठेवनार नाही थो."

"भाबी," जिजाबाई म्हणाली, "थो तलाठी होता."

"तलाठी? इतके केस काळे करून?"

"साधनाच्या दाखल्याची चौकशी कराले आला होता. पोट्टी अठीच राह्यते का, एवढंच पाहाले."

"मले म्हने, स्थळ पाहाले आलो."

"स्थळ म्हंजे जागा, चाची," साधना म्हणाली.

"मंग जागा म्हना न! पोरीच्या दारात उभा राहून स्थळ म्हनते का मानूस?" अमीनाबी कडाडली. पण ते शेवटचंच. पुढच्या क्षणी तिच्या हातातल्या शेवया परातीत गळून पडल्या. "या अल्ला. सही देली न मी."

जिजाबाई भांडायला आली होती. पण अमीनाबीचा चेहरा पाहून तिला भांडता येईना. त्या दिवशी अमीनाबीच्या घरी चूल पेटली नाही. जिजाबाईनं पाठवलेलं ताट झाकलेलं तसंच परत आलं.

गुरुवारी तलाठी कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधीच अमीनाबी बुरखा घालून पायरीवर बसली होती. माणिकरावांनी तिला ओळखलं.

"त्या दिवशी म्हणालात राहत नाही. आज म्हणता राहते. बाई, खोटं कधी बोललात?"

"त्या दिशी."

"सरकारी कामात खोटा जबाब देणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"मंग लावा न गुन्हा. मी कोठी नाही म्हनून राह्यली? पन पहिले पोट्टीचं काम करा. मले मंग घेऊन जा, मी घरीच हावो."

माणिकरावांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत गुन्ह्यासाठी एवढी घाई करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी टोपण लावलेलं पेन उगाच दोनदा उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, "उद्या अकरा वाजता फेरचौकशीला येतो. गल्लीतले पाच पंच तयार ठेवा. आणि प्रत्येकानं आपापल्या मनानं, स्वतंत्र बोललं पाहिजे."

'पाच पंच' एवढं अमीनाबीनं ऐकलं. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. संध्याकाळी गल्लीतल्या पाच जणांना ओट्यावर बसवून तिनं त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. त्यांतल्या कमलीबाईला ते येईना, म्हणून तिला अकरा वेळा म्हणायला लावलं.

शुक्रवारी अकराला माणिकराव आले. लिंबाखाली खुर्ची टाकली होती. पहिला पंच उभा राहिला. "साधना नथ्थू राऊत ही जन्मापासून अठीच राह्यते, माह्या डोयासमोर झाली, सभावानं शांत हाय, पातेलं फेकत नाही."

दुसराही तेच म्हणाला, त्याच दमात. तिसरी कमलीबाई. ती 'डोयासमोर'पर्यंत आली आणि अडली. तिनं अमीनाबीकडे पाहिलं, अमीनाबीचे ओठ हलले, कमलीबाई पुढे सरकली. पाचवा संपेपर्यंत माणिकरावांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"तुमच्या डोळ्यांसमोर जन्मली?" त्यांनी कमलीबाईला विचारलं.

"हो न साहेब. याच घरात."

माणिकरावांनी बॅगेतून जन्माचा दाखला काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. बऱ्हाणपूर. जिजाबाईनं कपाळाला हात लावला.

"राऊत, मला वाईट वाटतं," माणिकराव उठत म्हणाले. "पण पढवलेल्या साक्षीवर मी सही कशी करू?"

साधना घरात निघून गेली. ते पाहून अमीनाबीचा बांध फुटला. ती सरळ माणिकरावांच्या स्कूटरसमोर जाऊन उभी राहिली.

"राह्यत नाही म्हनता? मंग पहिलीत असताना माह्या आठ कोंबड्या कोनं सोडल्या? म्हने, त्याईले बी शाळेत जाऊ द्या! एक आजपर्यंत भेटली नाही. दुसरीत सैफुद्दीनच्या स्टोचा पंप खोलून नालीत कोनं टाकला? तिसरीत, जवा मी म्हनलं बऱ्हानपूरले गेली, तवा थे कांजण्या घेऊन माह्या खाटेवर पडली होती. जिजा मळ्यात जाये, मी लिंबाचा पाला घेऊन तिच्यापाशी बसो. चौथीत सायकल शिकली न भिंतीवर आदळली. हे पाहा. अजून पोपडा तसाच हाय. पाहा न!"

माणिकरावांनी पाहिलं. पोपडा होता, सायकलच्या हँडलच्या उंचीवर.

"पाचवीत भाबीची बकरी अडली होती," जिजाबाई मधेच बोलली. "पोट्टीनं शाळा बुडवली, सोताच्या हातानं दोन करडं काढली. तवापासून हे डाक्टरचं डोक्यात घुसलं तिच्या."

"अन् सहावीत आपलं बोलनं नवतं, थे बी सांग," अमीनाबी वळून म्हणाली.

"थे कायले?"

"काहून नाही? माह्या वाळू घातल्या शेवया तुह्या पोरीनं गाईले चारल्या होत्या! सारी पायली!"

"थे सातवीत!"

"सहावीत! सातवीत तिनं तुह्या साडीचं बुजगावनं केलं होतं!"

"एक-एक वर्ष बोला," माणिकराव म्हणाले. ते केव्हा खुर्चीवर बसले आणि पेन केव्हा उघडलं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "सहावी शेवया. सातवी बुजगावणं. पुढे?"

"आठवीत लॉकडाऊन," नथ्थू म्हणाला. "शाळा मोबाईलवर होती. आमच्याकडं बटनाचा. सैफुद्दीनभाईचा मोठा होता, त्याच्यावर शिकली. सकायी दहा ते दोन, याच ओट्यावर."

"नववी?"

जिजाबाईनं बोटं मोजली. नथ्थूनं डोकं खाजवलं. अमीनाबी आकाशाकडे पाहायला लागली. नववीत काहीच घडलं नव्हतं. साधना दारात येऊन उभी होती, ती खाली पाहत राहिली.

"नववी माह्याकडं हाय," मागून आवाज आला.

सैफुद्दीन. दुकान बंद ठेवून तो सकाळपासून भिंतीला टेकून उभा होता. एरवीही तो कमीच बोलायचा.

"नववीत मी तिले म्हनलो होतो, पोरीच्या जातीनं इतकं शिकून काय करा लागते. त्यावर वर्सभर बोलली नाही माह्यासंग. रोज साडेदहाले दुकानासमोरून सायकलवर जाये. मी हात करो. मुंडकं फिरवून जाये."

"रोज?" माणिकरावांनी विचारलं.

"रोज. मी दुकान त्याच वक्ताले उघडो, तिच्यासाठी. दहावीच्या निकालाच्या दिशी पेढा घेऊन आली, तवा बोलली."

अमीनाबी नवऱ्याकडे बघतच राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. साधनानं ओढणीनं नाक पुसलं. माणिकरावांनी लिहिलं, 'इयत्ता नववी. दररोज दिसत होती.' मग दहावी, अकरावी, बारावी पटापट झाल्या. अमीनाबीनं सही केली, आणि तिच्या आधीच्या जबाबाखाली माणिकरावांनी 'गैरसमजातून' एवढाच शब्द लिहिला. गुन्ह्याची अमीनाबीनंच आठवण करून दिली, तर ते म्हणाले, "आधी चहा द्या."

दोन वाजता अहवाल तहसीलला पोहोचला. मंजू मॅडमनी तो वाचताना शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून वाचून दाखवला, त्यात वीस मिनिटं गेली. पण साडेचारला दाखला निघाला आणि पाचला सात मिनिटं कमी असताना साधनानं तो चढवला.

घरी आल्यावर शेजारच्या ओट्यावर जाऊन तिनं मोबाईल अमीनाबीच्या हातात दिला. अमीनाबीनं चष्मा लावला, राजमुद्रा पाहिली, साधनाचं नाव पाहिलं.

"म्हंजे आता सरकारनं लिवून देलं, पोट्टी अठलीच हाय."

"हो चाची."

"मंग आता?"

"आता यादी लागन. बहुतेक परभणीले नंबर लागते माहा. साडेपाच वर्सं."

अमीनाबी काही वेळ मोबाईलकडे पाहत राहिली. पडदा काळा झाला, तरी पाहत होती.

"अठी राह्यते, अठी राह्यते म्हून दोन दिवस बोंबलली मी. थे तू जावं म्हून होतं का व?"

जिजाबाई उगाचच परातीतल्या शेवया वरखाली करायला लागली. सैफुद्दीन खाकरला. मग अमीनाबीनं चष्मा काढून पुसला आणि नथ्थूकडे वळली.

"परभणीले गाडी किती वाजता हाय?"

"अजून यादी लागाची हाय, भाबी," नथ्थू समजुतीच्या सुरात म्हणाला. "लागली की पोट्टीले मी सोताच नेऊन सोडतो."

"तिचं कोन विचारते, नथ्थूभाऊ?" अमीनाबी म्हणाली. "मी माह्यं विचारून राह्यली."